कल्चर रिपोर्ट वाचता येण्यापुरती मायक्रोबायोलॉजी

लघवीचा कल्चर रिपोर्ट आला की नातेवाईक, शेजारी, कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणी त्याचा फोटो काढून मला पाठवतात, कारण मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, "जास्त काही नाही ना गं?" फोटोत काय असतं, तर ग्राम निगेटिव्ह बॅसिलाय, ई. कोलाय, एक लाखाच्या वर सीएफयू प्रति एमएल, ईएसबीएल पॉझिटिव्ह, आणि खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकासमोर एस, आय नाहीतर आर आणि एक आकडा. औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यात वाद नाही, पण आपल्या अंगात काय शिरलंय आणि त्याला कशाने मारतायत हे आपल्यालाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते काही फार अवघड नाहीये. फक्त एक प्रश्न धरून ठेवायचा: या जंतूकडे असं काय आहे जे माझ्या पेशीकडे नाही? औषधाला घाव घालता येतो तो तिथेच. नावं, रंग, वर्गीकरण सगळं फिरून याच प्रश्नावर येतं.

आधी मोठा शब्द, सूक्ष्मजीव. नुसत्या डोळ्याला दिसत नाही ते सगळं यात टाकलंय, त्यामुळे एकमेकांशी अजिबात नातं नसलेली मंडळी एकाच नावाखाली येतात. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, बुरशी म्हणजे फंगस (दुधात विरजण लागतं ते जिवाणूंमुळे, पाव फुगतो तो यीस्टमुळे, आणि यीस्ट ही एकपेशीय बुरशी), प्रोटोझोआ म्हणजे हिवतापाचा प्लास्मोडियम किंवा आंव पडते त्यातला अमीबा, शिवाय काही शेवाळं, आणि विषाणू म्हणजे व्हायरस, जे खरं तर जीव म्हणायचे की नाही यावरच अजून वाद आहे. घरात आपण सगळ्यालाच "जंतू" म्हणतो, बोलायला ते चालतं, पण औषधाच्या बाबतीत तिथूनच घोळ सुरू होतो.

यांची पहिली मोठी वाटणी पेशीच्या रचनेवरून होते. जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसतं, डीएनए मोकळाच पडलेला असतो, अशांना प्रोकॅरिओट म्हणतात. बुरशी, प्रोटोझोआ, झाडं, प्राणी आणि आपण, या सगळ्यांच्या पेशीत केंद्रकाभोवती पडदा असतो, ते युकॅरिओट. म्हणजे पायाला होणारं गजकर्ण ज्या बुरशीमुळे होतं ती बुरशी नात्याने जिवाणूपेक्षा आपल्याला जास्त जवळची आहे, आणि हे नुसतं गंमत म्हणून सांगत नाहीये, बुरशीवरची औषधं इतकी कमी का आणि त्यातली काही शरीराला इतकी जड का पडतात त्याचं उत्तर इथेच आहे. नातं जितकं जवळचं तितका फरक कमी, आणि फरक कमी म्हणजे नेम धरायला जागा कमी. १९७७ मध्ये कार्ल वूज या अमेरिकन शास्त्रज्ञाने रायबोसोममधला, म्हणजे पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेतला, आरएनए ताडून बघितला तेव्हा केंद्रक नसलेल्यांमध्येही एक वेगळाच गट निघाला, त्यांना आर्किया म्हणतात, उकळत्या झऱ्यात, मिठागरात आणि आपल्या आतड्यातसुद्धा राहतात. माणसाला आजारी पाडणारा आर्किया म्हणून पक्का ओळखला गेलेला एकही नाही, त्यामुळे तुमच्या रिपोर्टवर ते नाव येणार नाही.

आता नाव. ई. कोलाय म्हणजे एशेरिकिया कोलाय, जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये लहान बाळांच्या शी मधून हा जिवाणू शोधला. पहिला शब्द जीनस, दुसरा स्पीशीज, ही लिनियसने घालून दिलेली पद्धत, आंब्याचं मँजिफेरा इंडिका तसंच. पण जिवाणूंमध्ये स्पीशीजवर काम भागत नाही, त्याखाली स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, बघावा लागतो. तुमच्या माझ्या आतड्यात आत्ता या क्षणी ई. कोलाय सुखाने नांदतोय, काही त्रास नाही, आणि त्याचाच ओ१५७:एच७ नावाचा स्ट्रेन पोटात गेला तर रक्ताचे जुलाब होतात, कधी किडनीवर जातं. म्हणून नुसतं "ई. कोलाय सापडला" ऐकून घाबरायचं नाही, कुठे सापडला ते महत्त्वाचं. आतड्यात असला तर तो नॉर्मल फ्लोरा, घरचाच. तोच मूत्राशयात जाऊन वाढला आणि जळजळ, ताप, वारंवार लघवी सुरू झाली तर इन्फेक्शन. आणि कधी कधी, विशेषतः कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये, जिवाणू तिथे असतो पण त्रास काहीच नसतो, त्याला कोलोनायझेशन म्हणतात आणि अशा वेळी बहुतेकदा औषध देतच नाहीत. रिपोर्ट पॉझिटिव्ह असून डॉक्टर काहीच कसे देत नाहीत म्हणून लोक चिडतात, तेव्हा मागे हे कारण असतं.

ग्राम निगेटिव्ह हा शब्द मात्र जरा सावकाश बघू, कारण लॅबमधली रोजची सकाळ यानेच सुरू होते. काचेच्या स्लाइडवर नमुन्याचा पातळ थर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून दोनतीनदा फिरवून घट्ट चिकटवायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट, जांभळा रंग, मिनिटभर. पाण्याने धुवायचं, मग आयोडीन मिनिटभर, त्याने तो रंग आत पक्का बसतो. मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन, आणि हे काही सेकंदच, इथे हात थांबला नाही की सगळंच धुऊन निघतं आणि चुकीचं उत्तर मिळतं. शेवटी सॅफ्रॅनिन, लालसर रंग. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघितलं की ज्यांनी जांभळा रंग धरून ठेवला ते ग्राम पॉझिटिव्ह, ज्यांनी सोडला आणि नंतरचा गुलाबी घेतला ते ग्राम निगेटिव्ह. हान्स क्रिश्चियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही पद्धत काढली, आणि आजही दहाएक मिनिटांत सगळ्यात जास्त माहिती देणारी दुसरी टेस्ट मला तरी माहीत नाही.

रंग धरला किंवा सोडला यात एवढं काय, तर जिवाणूची भिंत. ग्राम पॉझिटिव्हला पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत असते, रंग तिच्यात अडकून बसतो. ग्राम निगेटिव्हला तीच भिंत अगदी पातळ, पण तिच्या बाहेर आणखी एक चरबीयुक्त आवरण असतं, ते अल्कोहोलने विरघळतं आणि रंग निघून जातो. आता आपला प्रश्न आठवा. पेप्टिडोग्लायकन माणसाच्या पेशीत नसतंच, आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन ही सगळी मंडळी ही भिंत बांधायचं काम बंद पाडतात आणि आपल्या पेशींना धक्का न लावता जिवाणू फुटून मरतो. आणि ग्राम निगेटिव्हचं बाहेरचं आवरण बऱ्याच औषधांना आतच येऊ देत नाही, म्हणून तिथे औषधांची निवड आधीच आखडते. म्हणजे गुलाबी की जांभळा एवढं कळलं तरी डॉक्टरला अर्धी यादी बाजूला करता येते, बाकी रिपोर्ट यायला दोन दिवस असले तरी.

त्याच स्लाइडवर आकारही दिसतो. गोल ते कॉकाय, काडीसारखे ते बॅसिलाय. गोल असून द्राक्षाच्या घडासारखे जमलेले असतील तर स्टॅफायलोकोकस (गळवं, पू, जखमा), माळेत असतील तर स्ट्रेप्टोकोकस (घसा). टीबीचा जिवाणू मात्र ग्रामच्या रंगाला दाद देत नाही, त्याच्या भिंतीत मायकोलिक अ‍ॅसिडचा मेणकट थर असतो, त्याला झील-नीलसन पद्धतीने गरम करून रंग द्यावा लागतो आणि मग अ‍ॅसिडने धुतला तरी तो रंग सोडत नाही, म्हणून बेडक्याच्या रिपोर्टवर "एएफबी" लिहितात, अ‍ॅसिड फास्ट बॅसिलाय. आणि मायकोप्लाझ्मा म्हणून एक जिवाणू आहे, न्यूमोनिया करतो, त्याला भिंतच नाही, त्याच्यावर पेनिसिलिन कितीही दिलं तरी उपयोग शून्य, कारण मारायचं तेच जागेवर नाही.

मग कल्चर. कल्चर म्हणजे जिवाणूला त्याच्या आवडीचं खायला देऊन वाढवणं. ताटलीत अगर असतं, तेच ते समुद्री शेवाळाचं चायना ग्रास जे आपण घरी पुडिंगला वापरतो. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या लॅबमध्ये आधी जिलेटिन वापरायचे पण ते उबेत वितळायचं, तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या बायकोने, फॅनी हेस यांनी, स्वयंपाकघरातला अगर वापरून बघा असं सुचवलं आणि तेव्हापासून जगभर तेच चालू आहे. त्यात वेगवेगळी द्रव्यं घालून वेगवेगळी माध्यमं करतात, उदाहरणार्थ मॅकॉन्की अगरमध्ये पित्ताचे क्षार असतात म्हणून ग्राम पॉझिटिव्ह वाढत नाहीत, आणि लॅक्टोज असतं, ते आंबवणारा ई. कोलाय गुलाबी ठिपके तयार करतो. एक ठिपका म्हणजे एक कॉलनी, आणि एक कॉलनी म्हणजे ढोबळमानाने एका जिवाणूची सगळी पिलावळ. सीएफयू, कॉलनी फॉर्मिंग युनिट, ते हेच. आमच्याकडे लघवीसाठी जी लूप असते ती बरोब्बर एक मिलिलिटरचा हजारावा भाग उचलते, ताटलीवर शंभर ठिपके आले की गुणिले हजार, झाले एक लाख प्रति एमएल. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात हा लाखाचा आकडा रूढ केला, खरं इन्फेक्शन आणि वाटेत मिसळलेले जंतू यांच्यात फरक करायला. तो काही देववाक्य नाही, लक्षणं असतील तर त्याखालचा आकडाही धरतात.

आणि इथेच सांगते, नमुना कसा दिला यावर सगळं अवलंबून असतं. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, सात तासांत एकाचे वीस लाखांवर जातात. सकाळी सातला बाटली भरली, डिकीत ठेवली, मुलांना शाळेत सोडलं, भाजी घेतली आणि अकराला लॅबला दिली, तर जे चार जंतू बाहेरच्या त्वचेवरून आले होते त्यांचं तोवर गावच वसलेलं असतं आणि रिपोर्टवर लाखाचा आकडा दिसतो. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, लगेच द्यायची, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवायची (झाकण घट्ट लावून). रिपोर्टवर "तीन किंवा जास्त प्रकारचे जिवाणू, नमुना पुन्हा पाठवा" असं आलं तर लॅब पैसे उकळतीये असं समजू नका, खरंच त्यातून काही कळत नसतं.

आता खालची यादी, एस, आय, आर. ताटलीवर जिवाणूचा गालिचा पसरायचा, त्यावर औषध शोषलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ पडलं ते औषध चाललं, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. आजकाल मशीनवर एमआयसी काढतात, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. एस म्हणजे नेहमीच्या डोसला चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे डोस वाढवला किंवा औषध त्या जागी साठत असेल तर चालू शकेल.

हे आकडे वाचताना जवळपास सगळेच फसतात. एकासमोर १ लिहिलंय, दुसऱ्यासमोर ३२, मग एक वाला जास्त स्ट्राँग असं वाटतं ना? ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा एमआयसी १ आला तर तो आर, आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा ३२ आला तरी तो एस. प्रत्येक पेपरचं पासिंग वेगळं असतं तसं प्रत्येक औषधाचं ब्रेकपॉइंट वेगळं, ते औषध शरीरात किती प्रमाणात पोचतं यावरून ठरवलेलं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर साठतं म्हणून तिथे ३२ सुद्धा पुरतं, पण रक्तात ते जेमतेम असतं, त्यामुळे इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं असेल तर कागदावर एस असूनही ते कामाचं नाही. म्हणून यादीतला सगळ्यात लहान आकडा शोधून मेडिकलमधून ती गोळी आणायची हे कृपा करून करू नका.

अँटिमायक्रोबियल आणि अँटिबायोटिक हे शब्द लोक एकच समजतात. अँटिमायक्रोबियल ही मोठी छत्री, तिच्याखाली जिवाणूंवरची, बुरशीवरची, विषाणूंवरची, परजीवींवरची सगळी औषधं. अँटिबायोटिक म्हणजे व्यवहारात जिवाणूंवरचं. भिंतीवर मारा करणाऱ्यांचं वर सांगितलंच. दुसरा नेम रायबोसोमवर, पेशीत प्रथिनं तयार करणारी यंत्रणा ती, जिवाणूंचा रायबोसोम ७०एस आणि आपला ८०एस (हा एस रिपोर्टवरचा नाही, मोजमापाचं एकक आहे), घडण वेगळी, म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लिन, जेंटामायसिन त्यांच्यावर बसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन हे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमला पकडतात. सल्फा औषधं फॉलिक अ‍ॅसिड बनवण्याचं काम अडवतात, आपण फॉलिक अ‍ॅसिड जेवणातून घेतो, बऱ्याच जिवाणूंना ते स्वतः बनवावं लागतं.

बुरशीचा नेम आणखी निराळा. तिच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्यात त्या जागी कोलेस्टेरॉल, फरक आहे पण थोडकाच. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल अर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, अ‍ॅम्फोटेरिसिन बी थेट त्याला चिकटून आवरणाला भोकं पाडतं. २०२१ मध्ये काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, आली तेव्हा याच अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी महाराष्ट्रभर लोक वणवण फिरत होते, आणि ज्यांना मिळालं त्यांच्याही किडनीवर रोज लक्ष ठेवावं लागत होतं, कारण ते थोडंफार आपल्या पेशींनाही लागतं. आणि हे किती जणांना माहितीये कुणास ठाऊक, याच जातीतलं हॅमायसिन नावाचं औषध पिंपरीत सापडलंय. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलिनसाठी उभा राहिला, तिथे संशोधन विभाग होता, मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून त्यांनी हॅमायसिन वेगळं केलं आणि त्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना ठेवलं. पुण्यातल्या मुलांना पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग आणि १९२८ पाठ असतं, पिंपरीची ही गोष्ट मात्र कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता विषाणू. वर जे काही म्हटलं, भिंत, रायबोसोम, स्वतःचं फॉलिक अ‍ॅसिड, डीएनएचं एन्झाइम, यातलं विषाणूकडे काय आहे? व्हायरल तापावर अँटिबायोटिक चालत नाही ते यामुळे, तिथे औषध कमी पडतं असं नाहीये, त्याला बसायला जागाच नाहीये. विषाणू म्हणजे जनुकीय मजकूर, डीएनए किंवा आरएनए, दोन्हीपैकी एकच, आणि त्याभोवती प्रथिनाचं कवच, कॅप्सिड. काहींना त्यावर चरबीचं पांघरूण असतं, एनव्हलप. बस. खाणं नाही, श्वास नाही, स्वतःहून दोनाचे चार होणं नाही. पेशीवरच्या ठराविक रिसेप्टरला चिकटायचं, आत मजकूर सोडायचा आणि मग आपल्याच पेशीची यंत्रणा त्याच्या प्रती काढत बसते.

आकाराचा अंदाज यावा म्हणून, ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब, डेंग्यूचा विषाणू साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे एका ई. कोलायच्या लांबीत चाळीस डेंग्यू एका रांगेत बसतील. म्हणूनच आधी ते दिसलेच नाहीत. १८९२ मध्ये इवानोव्स्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी तो रस रोग देतच राहिला, १८९८ मध्ये बायेरिंकने म्हटलं की हे काहीतरी वेगळंच आहे, आणि १९३५ मध्ये स्टॅनलीने त्याचे चक्क मिठासारखे स्फटिक करून दाखवले. बाटलीत वर्षानुवर्षं ठेवायचे स्फटिक, आणि पानावर चोळले की पुन्हा रोग. हे जीव की नुसती रसायनं, तुम्हीच सांगा. जिवाणूंनाही लागण करणारे विषाणू असतात, बॅक्टेरियोफेज, आणि आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात असं लिहून ठेवलं होतं, फेजचा शोध त्यानंतर वीसेक वर्षांनी लागला.

चरबीच्या पांघरुणाचा रोजच्या जगण्यात मोठा उपयोग आहे. कोरोना, फ्लू यांना एनव्हलप असतं, साबणाने ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो, ७० टक्के अल्कोहोलनेही होतो (शंभर टक्के अल्कोहोल उलट कमी काम करतं, प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं). नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, पोलिओ यांना ते पांघरूण नाही, त्यामुळे जुलाब-उलट्यांची साथ असली की सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, साबण आणि वाहतं पाणी, हात चोळून.

जीव नसला तरी विषाणू लपून बसतो, ते वेगळंच. कांजिण्या बऱ्या होतात पण विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत पडून राहतो आणि साठीनंतर, किंवा प्रतिकारशक्ती खचली की, नागीण होऊन बाहेर येतो. ही तीच लागण जागी झालेली असते, बाहेरून नवी आलेली नसते आणि नागीण मंत्राने उतरवायला जाण्यात पहिले तीन दिवस, जेव्हा औषधाचा सगळ्यात जास्त फायदा असतो, ते फुकट जातात. त्यावरचं असायक्लोव्हिर मला फार सुंदर औषध वाटतं. गोळी घेतल्यावर ते सगळ्या शरीरात फिरतं पण सुप्त असतं, विषाणूचं स्वतःचं थायमिडीन कायनेज नावाचं एन्झाइम त्याला जागं करतं, म्हणजे ज्या पेशीत विषाणू आहे तिथेच ते कामाला लागतं. अँटिव्हायरल अशी एकेका विषाणूसाठी घडवावी लागतात. फ्लूचं ओसेल्टामिव्हिर डेंग्यूला चालत नाही. हेपटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, एचआयव्हीचा मजकूर मात्र आपल्याच डीएनएत शिवला जातो म्हणून औषधं आयुष्यभर, आणि डेंग्यूवर तर ठरलेलं असं अँटिव्हायरल नाहीच, सलाइन, आराम आणि प्लेटलेटवर लक्ष. डेंग्यूचे चार सीरोटाइप आहेत, एकदा होऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नये, दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर उलट जास्त गंभीर होऊ शकतो.

आपल्याकडे विषाणूंवर काम चालतं ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, एनआयव्ही, १९५२ पासून. नागपूरकडच्या चांदिपुरा गावावरून ज्याचं नाव पडलं तो वाळूमाशीतून पसरणारा विषाणू त्यांनी १९६५ मध्ये वेगळा केला, आणि शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलातला १९५७ चा, जो आता माकडताप म्हणून सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत सगळ्यांच्या तोंडी आहे, तोही. माकडं मरतात म्हणून नाव माकडाचं, पण माणसाला तो देते गोचीड.

टेस्टबद्दल एवढंच, की तीन प्रकार वेगळे ओळखा. पीसीआर जंतूचा जनुकीय मजकूर शोधते, अँटिजेन टेस्ट (डेंग्यूची एनएस१) त्याचं प्रथिन शोधते, अँटिबॉडी टेस्ट (आयजीएम) आपल्या शरीराने दिलेलं उत्तर शोधते, आणि ते उत्तर तयार व्हायला पाचेक दिवस लागतात. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आला तर डेंग्यू नाही असं होत नाही. विडाल हीसुद्धा अँटिबॉडीचीच टेस्ट, जुनी, आधीच्या लागणीने किंवा दुसऱ्याच कशाने पॉझिटिव्ह येऊ शकते, नुसत्या एका विडालवर "टायफॉइड आहे" म्हणून दोन आठवडे औषधं चालू करणं मला अजिबात पटत नाही, गोळ्या सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यावं.

आता राहिला ईएसबीएल. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं, बीटा लॅक्टम, तेच त्यांचं हत्यार. काही जिवाणू बीटा लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवून ते कडं तोडतात. ईएसबीएल म्हणजे यातलं विस्तारित ताकदीचं, तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनही तोडणारं. मग कार्बापेनेम द्यावं लागतं, मेरोपेनेम वगैरे, शिरेतून, महागडं. आणि तेही तोडणारं एनडीएम-१ हे एन्झाइम २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात सापडलं, जो आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, नावातला एनडी तिथला. त्यानंतर कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधं उरतात, किडनीला त्रास देणारी.

"माझं शरीर आता अँटिबायोटिकला रेझिस्टंट झालंय" असं लोक म्हणतात ते तसं नसतं. रेझिस्टंट होतो तो जिवाणू. कोट्यवधींमध्ये एखाददुसरा आधीच थोडा वेगळा असतो, औषध आलं की बाकीचे मरतात, त्याला मोकळं रान मिळतं आणि त्याची पिल्लं वाढतात. त्यात भर म्हणजे प्लाझ्मिड, डीएनएचं छोटं सुटं कडं, ज्यावर ही रेझिस्टन्सची जनुकं असतात आणि एक जिवाणू ते दुसऱ्याला, अगदी वेगळ्या स्पीशीजलाही, देऊ शकतो. म्हणजे सर्दीसाठी, जी विषाणूमुळे असते, तुम्ही मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिन आणून तीन दिवस घेतलं, तर सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही, पण आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंमध्ये निवड होऊन जाते, आणि तिथला ई. कोलाय पुढे मूत्राशयात पोचला तर तो ती तयारी घेऊन जातो, आणि घरातल्या दुसऱ्यालाही देतो. म्हणूनच तर आयुष्यात फारशी गोळी न घेतलेल्या माणसाच्या रिपोर्टवरही ईएसबीएल येतं. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, आणि शेड्यूल एच१ मधल्या औषधांसाठी तर २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टर आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं असतं. प्रत्यक्षात किती जण लिहितात ते तुम्ही बघताच.

शेवटी तो रिपोर्ट ज्यावर नुसतं "नो ग्रोथ" येतं, आणि लोक सुटकेचा श्वास टाकून फाइल बंद करतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण लघवीत पसच्या पेशी भरपूर आहेत, त्रास चालूच आहे आणि तरी दोन दिवसांत काहीच वाढलं नाही, तर दोन गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या आणि विचारायच्या. पहिली, नमुना देण्याआधी एखादी गोळी घेतली होती का, शेजारच्यांनी दिलेली अर्धीमुर्धी पट्टी असली तरी सांगा, कारण एका डोसनेही ताटलीवरची वाढ दबते आणि खरा गुन्हेगार दिसतच नाही. दुसरी, हा त्या ताटलीवर न वाढणाऱ्यांपैकी कुणी आहे का. विषाणू अगरवर कधीच वाढणार नाही, त्याला जिवंत पेशी लागते. क्लॅमिडियाही तसाच. आणि टीबीचा जिवाणू दुप्पट व्हायलाच पंधरा ते वीस तास घेतो, त्याचं कल्चर सहा-आठ आठवडे ठेवावं लागतं, दोन दिवसांच्या ताटलीवर तो कुठून दिसणार. किडनीचा टीबी असाच महिनोन् महिने "नो ग्रोथ"च्या मागे दडून राहतो, आणि त्यासाठी लघवीची एएफबी आणि सीबीनॅट (टीबीचा जनुकीय मजकूर शोधणारी पीसीआरसारखी टेस्ट) वेगळी सांगून करून घ्यावी लागते.